दाद

आषाढ वद्य एकादशीला कयाधूच्या काठी, नरसीला, परतवारी भरते. पंढरीहून परतलेले वारकरी आणि शेतीच्या, दुखण्याच्या किंवा नोकरीच्या अडचणीमुळे पंढरीला जाऊच न शकलेले लोक, असे दोन्ही प्रकारचे भाविक त्या दिवशी नामदेवरायांच्या जन्मगावी माथा टेकावयास येतात. आणि ज्याचे आयुष्य हिंगोलीत गेले त्याचा पाय त्या दिवशी घरात ठरत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका परतवारीत मी एक कीर्तन ऐकले. बुवा व्यासंगी होते, वाणी शुद्ध होती, आणि श्रोत्यांना धरून ठेवण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी निःसंशय होते. वैराग्याचे निरूपण करता करता ते म्हणाले की, खेळ पाहणे, कादंबऱ्या वाचणे, गाणी ऐकणे हे सारे डोळ्यांचे आणि कानांचे विषय आहेत. विषय कितीही सोवळा दिसला तरी तो विषयच. आणि साठी उलटूनही ज्याचे हे विषय सुटले नाहीत, त्याने आपणांस भक्त म्हणवून घेऊ नये.

मी त्या वेळी सत्तरीच्या पलीकडे गेलेला होतो. पावसाची भुरभुर चालू होती. चिखल तुडवीत रस्त्याकडे येताना ते वाक्य माझ्याबरोबर निघाले, घरी आले, आणि आजतागायत गेलेले नाही. कारण बुवांनी वर्णिलेला मनुष्य मीच होतो. महसूल खात्याच्या दप्तरात मी तेहतीस वर्षे कारकुनी केली; त्यातून जे आयुष्य हाती उरले ते कुस्तीच्या फडाभोवती, रेडिओसमोर, वाचनालयाच्या बाकावर आणि गाण्याच्या बैठकीत घालविले. मी स्वतः कधी लंगोट कसला नाही, तंबोऱ्याला हात लावला नाही, एखादी गोष्ट लिहिली नाही. दुसऱ्यांनी केले ते पाहिले, दुसऱ्यांनी गाइले ते ऐकले, दुसऱ्यांनी लिहिले ते वाचले, आणि त्या सर्वांवर मनापासून प्रेम केले. धर्माच्या दृष्टीने या प्रेमाची किंमत काय? ही भक्ती आहे, की केवळ आसक्ती?

या आक्षेपाला मी हलका मानीत नाही. किंबहुना बुवांनी मांडला त्याहून तो अधिक कठोरपणे मांडता येतो. गीतेने मनुष्याला कर्म करावयास सांगितले आणि फळाची आशा सोडावयास सांगितले. मल्ल घाम गाळतो, फलंदाज उन्हात उभा राहतो, गवई पहाटे उठून खर्ज भरतो. यांना कर्म आहे, आणि त्या कर्माच्या पुण्याईने त्यांची फळाची आशाही क्षम्य ठरते. प्रेक्षकाला कर्म नाही. त्याला नुसती फळाची आशा आहे. म्हणजे जे टाकावयास सांगितले तेवढेच त्याने हाती ठेवले, आणि जे करावयास सांगितले ते दुसऱ्यावर सोपविले. ज्याने आयुष्यभर एखाद्या संघाच्या जयासाठी नवस बोलावे, एखाद्या गवयाच्या मैफलीसाठी तीनशे मैल प्रवास करावा, त्याने हा आरोप एकदा तरी स्वतःवर ठेवून पाहिला पाहिजे.

उत्तर शोधू लागलो तेव्हा ग्रंथांच्या आधी वडिलांची आठवण झाली.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. निजामाच्या अमलात ते तहसिलीत पेशकार होते. त्या काळी हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो पुष्कळ पुढे, १ मे १९९९ रोजी. दप्तराची भाषा उर्दू, घरची मराठी, आणि देवापुढची संस्कृत, अशा तीन भाषांत अण्णांचा दिवस विभागलेला असे. त्यांच्या तोंडून ऐकलेली एक गोष्ट मला नेहमी विचार करावयास लावते. आखाडा काढावयाचा तर सरकारी इजाजत लागे, खाजगी शाळा काढावयाची तर इजाजत लागे, सभा भरवावयाची तर इजाजत लागे. सभांवरच्या या निर्बंधाच्या सरकारी परिपत्रकाचे ‘गश्ती निशान ५३’ हे नाव त्या पिढीच्या कानांवर इतक्या वेळा पडले होते की मुलाबाळांनाही ते पाठ असे. वाचनालयाकडेही संशयाने पाहिले जाई. एवढ्या मोठ्या रियासतीला चार तालीमबाज पोरांची आणि दोन कपाटे पुस्तकांची धास्ती का वाटावी? अण्णांचे म्हणणे असे की, माणसे जेथे स्वतःच्या लाभाखेरीज अन्य कशासाठी तरी एकत्र जमतात, तेथे त्यांना एकमेकांची ओळख पटते, आणि ज्या राज्याचा पाया भयावर आहे त्याला ही ओळख परवडत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला तो अंमल संपला. त्यानंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यात जिकडे तिकडे तालमी आणि वाचनालये निघाली. जे सहज मिळते त्याला आज आपण करमणूक म्हणतो. माझ्या वडिलांच्या पिढीने ते मागून, झगडून मिळविले होते, हे मी विसरू शकत नाही.

याच अण्णांनी मला कुस्ती पाहावयास शिकविले. मी दहा वर्षांचा असेन. एका गावच्या जत्रेतली शेवटची कुस्ती होती. आमच्या तालुक्याचा मल्ल गोरा, उंच, सर्वांच्या गळ्यातला ताईत. समोरचा पैनगंगेच्या पलीकडून, पुसदच्या बाजूने, एकटाच चालत आलेला, काळासावळा, अंगाने बेताचा. हलगी कडाडू लागली. पाच-सात हजार माणसे फडाभोवती दाटली होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाचे डोळे एकाच मल्लावर होते. खडाखडी झाली, आमच्या मल्लाने दोन वेळा त्याला खाली घेतले, दोन्ही वेळा तो निसटला. आणि तिसऱ्या वेळी, काय झाले हे कळावयाच्या आत, त्या परक्या पोराने ढाक मारून आमचा मल्ल चीत केला. हलगी थांबली. पाच-सात हजार माणसांचा गप्पपणा किती जड असतो, हे मला त्या दिवशी कळले. तो पोरगा मातीत उभा राहून चोहोंकडे पाहत होता. आणि त्या शांततेत अण्णा उठले, गर्दीतून वाट काढीत फडात उतरले, आणि तहसिलीत सुद्धा जो कधी डोक्यावरून उतरत नसे तो आपला रुमाल सोडून त्यांनी त्याच्या डोईस बांधला. मग एकाने टाळी वाजविली, मग दहांनी, मग सर्वांनी.

परतताना बैलगाडीत मी रुसून बसलो होतो. म्हटले, “अण्णा, तो आपला नव्हता.”

ते म्हणाले, “बाळ, कचेरीत लोक माझ्याकडे काय मागायला येतात? दाद. ज्याच्या पाठीशी चार माणसं आहेत, त्याला ती मागावी लागत नाही. त्या पोराचं आज फडात कोणी नव्हतं.”

दाद या शब्दाचा विचार मी पुढे स्वतः कारकून झाल्यावर पुष्कळ केला. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ न्याय. आपल्या भाषेने तो घेतला आणि त्याला दोन क्रियापदे जोडली. कचेरीच्या दाराशी दाद मागतात. गाण्याच्या बैठकीत दाद देतात. एकाच शब्दाने फिर्याद आणि वाहवा या दोन्हींचे काम करावे, ही मला केवळ योगायोगाची गोष्ट वाटत नाही. जो उत्तम गातो, उत्तम खेळतो, उत्तम लिहितो, त्याचे समाज काही देणे लागतो. आणि ते देणे फेडणारा मनुष्य जागेवर हजर नसला, तर त्या उत्तमावर अन्याय झाला असेच म्हटले पाहिजे. तेव्हा प्रेक्षकाला कर्म नाही, हे खरे नव्हे. दाद देणे हे त्याचे कर्म आहे. ते सोपेही नाही. त्यासाठी पाहावे लागते, ऐकावे लागते, वर्षानुवर्षे कान आणि डोळे तयार करावे लागतात, आणि ऐन वेळी स्वतःचा हर्षविषाद बाजूला सारून उठून उभे राहावे लागते.

परंतु येथेच दुसरी अडचण उभी राहते. न्यायाला निःपक्षपाती दृष्टी लागते, आणि प्रेम तर पक्षपाताशिवाय संभवतच नाही. जो सर्व संघांना सारखाच मानतो तो पंच होईल, चाहता होणार नाही.

माझा पक्षपात मी लपवीत नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली, नवख्या गावसकरांनी चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या, सरदेसाईंनी ६४२ केल्या, आणि २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडही हरले. त्या वर्षी मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहत बसथांब्यावर उभा राहत असे. त्या आनंदात मला चंद्रशेखरांचे ३८ धावांतले ६ बळी दिसले. समोर कोण बाद होत होते, त्यांचे काय झाले, हे दिसले नाही. विजयात हे दोष झाकून जातात. ते उघडे पडले १९८७ च्या मार्चमध्ये. बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध शेवटची कसोटी, जिंकावयास २२१ धावा, खेळपट्टी अशी की चेंडू पडला की धूळ उडावी. गावसकर आपल्या अखेरच्या कसोटीत उभे होते, आणि त्या धुळीत त्यांनी ९६ धावा केल्या. ते बाद झाले; भारत १६ धावांनी हरला. मी ट्रान्झिस्टर बंद केला. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद या दोन फिरकी गोलंदाजांनी त्या सामन्यात प्रत्येकी ९ बळी घेतले होते; असे गोलंदाजीचे काम वारंवार पाहावयास मिळत नाही. समालोचक त्यांच्याविषयी जे बोलत असतील ते मी ऐकून घेतले नाही. रात्री जेवताना अण्णांचा तो सुटलेला रुमाल डोळ्यांपुढे आला आणि घास गिळवेना. त्या दिवशी माझ्याकडे दाद मागितली गेली होती आणि मी कचेरीचे दार लावून घेतले होते.

बारा वर्षांनी, १९९९ च्या ३१ जानेवारीला, चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पुन्हा तीच कथा घडली. २७१ धावा हव्या होत्या, सचिन तेंडुलकर पाठदुखी सोसत १३६ पर्यंत गेला, बाद झाला, आणि भारत १२ धावांनी हरला. क्षणभर मैदान सुन्न झाले असावे. मग ते सारे मैदान उठून उभे राहिले आणि पाकिस्तानच्या संघासाठी टाळ्या वाजवू लागले. इतक्या, की त्या खेळाडूंनी मैदानाला फेरी घालून त्यांचा स्वीकार केला. दोन्ही देशांत नुकतेच अणुस्फोट झालेले होते, मालिकेला विरोध होता, हे सारे लक्षात आणले म्हणजे त्या टाळ्यांचे मोल कळते. त्याच देशात तीन वर्षांपूर्वी कोलकात्याला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात लोकांनी बाटल्या फेकल्या होत्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला होता. ते लोकही चाहतेच होते. प्रेम दोन्हीकडे होते. दाद एकाच ठिकाणी होती.

आपल्या साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा फार खोल विचार केलेला आहे. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्ने सांगितली आहेत. त्यांत एक विघ्न असे की, प्रेक्षक आपल्या स्वतःच्या सुखदुःखात गुरफटलेला असतो. त्याच्या मते खरा सहृदय तो, ज्याचा ‘मी’ आणि ‘माझे’ रंगमंदिराच्या दाराशी गळून पडले. आणि असा आस्वाद ब्रह्मास्वादाच्या जवळ जातो, अशी त्या परंपरेची धारणा. हे वाचले तेव्हा मला एकीकडे समाधान झाले आणि एकीकडे खिन्नता आली. समाधान यासाठी की, माझ्या आयुष्याच्या नादाला एवढ्या थोर आचार्याने ब्रह्मानंदाच्या पंक्तीला बसविले. खिन्नता यासाठी की, त्या पंक्तीत माझे पान नव्हते. माझे सुखदुःख दाराशी गळून पडत नाही, ते माझ्याबरोबर आत येते.

त्या वेळी मला नरहर कुरुंदकरांचा आधार झाला. कुरुंदकर आमच्याच मातीतले. कळमनुरी तालुक्यातील नंदापूरला १५ जुलै १९३२ रोजी जन्मले, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकविते झाले, आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजी, पन्नाशीही न गाठता गेले. त्यांची व्याख्याने मी पुष्कळदा ऐकली. ते ईश्वर मानीत नव्हते आणि मी मानतो. पण आमच्या पिढीतल्या अनेक आस्तिकांना विचार करावयास त्या नास्तिकाने शिकविले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. नाट्यशास्त्राचा त्यांचा व्यासंग आयुष्यभराचा होता, आणि भरताचा रस अध्यात्माच्या स्वाधीन करून टाकू नये, तो रंगभूमीच्या व्यवहारातून, माणसाच्या लौकिक सुखदुःखातून समजून घ्यावा, असा त्यांचा रोख असे. ‘रूपवेध’ आणि ‘धार आणि काठ’ ही पुस्तके मी वाचनालयातून किती वेळा नेली असतील, याची नोंद रजिस्टरातच सापडेल. त्यांच्या वाचनाने माझे मन असे बनले की, प्रेक्षकाचे स्वतःचे दुःख हे रसाचे विघ्नच असते असे नाही. कधी कधी ते रसाचे इंधन असते. बंगळुरूचे दुःख मला नसते, तर चेपॉकच्या टाळ्यांचा अर्थ मला कळलाच नसता.

आणि वाचनाविषयी बोलतोच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गीतेच्या आधाराने मी स्वतःवर ठेवलेल्या आरोपाचे निरसन मला तेथे सापडले. परभणीचे बी. रघुनाथ हे निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून होते. ७ सप्टेंबर १९५३ रोजी, चाळिसाव्या वर्षी, ते कचेरीतच, कामाच्या टेबलाशी गेले. मी ‘आडगावचे चौधरी’ वाचले तेव्हा त्यांना जाऊन कितीतरी वर्षे लोटली होती. मी स्वतः कारकून, दिवसभर सातबाराच्या नकला आणि वारसाच्या नोंदी करून रात्री कंदिलाजवळ बसलेला, आणि वाचता वाचता एका जागी माझ्या तोंडून, एकट्याच्या, “वा!” असे निघून गेले. ही दाद कोणाला पोहोचली? लिहिणारा नव्हता, शेजारी कोणी नव्हते, मला त्यातून काही मिळणार नव्हते. गीतेला अभिप्रेत असलेले निष्काम कर्म जर कोठे मनुष्याच्या हातून सहज, अभ्यासावाचून घडत असेल, तर ते अशा जागी घडते असे मला वाटते. श्राद्धात आपण दिवंगतांना तिळोदक देतो. ते त्यांना पोहोचते की नाही याचा पुरावा मागत नाही. मृत लेखकाला दिलेली दाद त्याच जातीची आहे.

संगीताने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. १९८० नंतरच्या काही डिसेंबरांत मी रजा काढून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जात असे. लाल गाडीने रात्रभर, मग दिवसभर कोणाच्या तरी ओसरीवर, आणि संध्याकाळी सतरंजीवर, थंडीत घोंगडी पांघरून. त्या काळी शेवटची बैठक रात्रभर चाले आणि पहाट उजाडल्यावर संपे. सवाई गंधर्व १९५२ साली गेले, आणि पुढल्या वर्षापासून त्यांच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी हा महोत्सव उभा केला. त्याचा समारोप कोणा जिवंत गवयाने व्हावयाचा नाही. सारे थोर गवई गाऊन झाल्यावर अखेरीस सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावावयाची. खरखर करणारी ती तबकडी, त्यातून येणारा तो दूरचा आवाज, आणि हजारो माणसे निःशब्द. ज्यांनी रात्री आम्हांला वेडे केले होते ते गवईही तेव्हा श्रोते झालेले असत. गाणारा आणि ऐकणारा ही वाटणी तेथे संपून जाई, सर्वच ऐकणारे. मी पाहिलेल्या पूजांत इतकी शांत पूजा थोडीच असेल.

भीमसेनजींची हकीकत तर सर्वश्रुत आहे. गदगचा तो मुलगा दुकानातून ऐकू येणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकेने झपाटला, आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. म्हणजे गवई होण्यापूर्वी तो रस्त्यात थांबलेला श्रोता होता. भागवताने नवविधा भक्ती सांगताना श्रवण पहिले ठेवले, आणि समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकाचा पहिला समास श्रवणालाच दिला, त्याचे मर्म मला येथे उमगते. श्रवणभक्तीचा आदर्श म्हणून परंपरेने परीक्षिती उभा केला, ज्याने शेवटच्या सात दिवसांत ऐकण्याखेरीज काही केले नाही. कीर्तन दुसरे आहे. बुवांच्या आसनाच्याही आधी समोर बसलेल्या माणसाची जागा धरलेली आहे.

तरीही पक्षपाताचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याचे उत्तर मला पुस्तकांत सापडले नाही. ते आमच्या जिल्ह्याच्या दोन गावांमध्ये सापडले. नरसीचे नामदेव विठ्ठलाचे एवढे लाडके, की देव त्यांच्या हातचा नैवेद्य खातो. आणि तरी संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन डोकी तपासली तेव्हा नामदेवांचे मडके कच्चे निघाले. का? कारण त्यांचा देव एका विटेवर होता, एका गावात होता, त्यांचा होता. ते रागावून विठ्ठलाकडे गेले, तर विठ्ठलानेच त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडले. विसोबा पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेवांनी आक्षेप घेतला, तेव्हा ते म्हणाले, जेथे पिंड नसेल तेथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवू लागले, आणि जेथे ठेवावे तेथे पिंड. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. पण अण्णांनी परक्या मल्लाला रुमाल बांधला तेव्हा फडात हेच घडले होते, हे समजावयास मला पुष्कळ वर्षे लागली. उत्तमता आपल्या मल्लाच्या ठायी असते, तशी पैनगंगेपलीकडच्या मल्लाच्याही ठायी असते. पाय उचलून जेथे ठेवाल तेथे ती आहे. ज्याला हे दिसले नाही त्याचे मडके कच्चे. माझे १९८७ साली कच्चे निघाले.

परंतु या कथेचा पुढचा भाग लोक फारसा लक्षात घेत नाहीत, आणि माझे सारे म्हणणे त्या भागावर उभे आहे. सर्वत्र देव पाहिल्यावर नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. ते उत्तरेत गेले, पंजाबात राहिले. तेथील लोकांनी त्यांना इतके आपले मानले की त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि घुमानला त्यांच्या नावाने आजही माथा टेकला जातो. मराठी शिंप्याला पंजाबने दिलेली ही दाद सातशे वर्षे टिकली आहे. तरी परंपरा सांगते की अखेरीस ते परतले, आणि पंढरपूरच्या महाद्वाराशी पायरी होऊन राहिले. ज्ञान झाल्यावर पक्षपात जावयास हवा होता. तो गेला नाही, फक्त त्यातला आंधळेपणा गेला. जिव्हाळा तसाच राहिला. म्हणून अभिनवगुप्ताच्या पंक्तीत पान नसल्याची खंत मी आता करीत नाही. मी भारताच्याच बाजूने रडेन, भीमसेनजींनी गाइलेला नामदेवांचा अभंग मला दुसऱ्या कोणत्याही गाण्यापेक्षा जवळचा वाटेल, आणि मराठवाड्याच्या लेखकाचे पुस्तक मी आधी उघडीन. पण समोरच्याचे उत्तम दिसले म्हणजे रुमाल सोडावयास हात मागे राहणार नाही, एवढी खबरदारी घेईन. अशा प्रेमाला मी भक्ती म्हणतो.

बुवांचे एक म्हणणे मात्र खरे ठरत आहे. विषय सुटू लागले आहेत. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले, दुसरा मंद आहे. कानांना वरचा षड्ज अर्धवटच पोहोचतो. बारीक टाइपाचे पुस्तक दोन पानांच्या पुढे जात नाही. परंतु याज्ञवल्क्याने मैत्रेयीला श्रवणाच्या पुढे मनन आणि निदिध्यासन सांगितले आहे, आणि त्यांना कान लागत नाहीत. दुपारी ओसरीवर पडल्या पडल्या मी कधी तो जत्रेचा फड पाहतो, कधी ती खरखरणारी भैरवी ऐकतो. हे कोणी सोडावयास सांगितले तरी आता सोडता येणार नाही, कारण ते डोळ्यांत आणि कानांत राहिलेलेच नाही.

वाचकांना एक विनंती आहे. औंढा नागनाथला याल तेव्हा केवळ गाभाऱ्याच्या अरुंद पायऱ्या उतरून, पिंडीचे दर्शन घेऊन परतू नका. नामदेव तेथे कीर्तन करीत होते, पूजेला अडथळा होतो म्हणून त्यांना देवळाच्या मागे घालविले, ते तेथे गाऊ लागले, आणि त्यांचे गाणे ऐकण्यासाठी देऊळच फिरले, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. कीर्तन करणाऱ्याची थोरवी सांगण्यासाठी ही कथा सांगतात. मला ती ऐकणाऱ्याची वाटते. दर्शन झाल्यावर प्रदक्षिणेच्या वाटेने मागच्या बाजूस या आणि थोडा वेळ बसा. इतर शिवालयांत जो नंदी देवासमोर असतो, तो येथे देवळाच्या मागे आहे.